डोनट, गुलगुले आणि आमची गिरणी

औसा, जि. लातूर
आषाढ, रविवारची दुपार

प्रिय दत्ता,

स. न. वि. वि. लिहिणार होतो, पण तसं लिहिलं तर तूच फोन करून विचारशील की बाल्या, ताप-बिप आलाय का. म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

मागच्या महिन्यात तुझा फोन आला तेव्हा चक्की चालू होती. पट्ट्याच्या आवाजात अर्धं ऐकू येत नव्हतं. ‘काय करायलास?’ विचारलं तर म्हणालास, ‘डोनट खायलोय. आज नॅशनल डोनट डे आहे, कंपनीनं सगळ्यांना फुकट वाटलेत.’ त्यावर मी गिऱ्हाइकांसमोर खदाखदा हसलो आणि वर तोंड करून म्हणालो, ‘ज्यांना पंचांग नाही त्यांना असले दिवस लागतात.’ तू फोन ठेवलास. रागावला नसशील, मीटिंग असेल. पण ते वाक्य माझ्याच डोक्यात बसलं. पेरणीचे दिवस असले की गिरणीकडे कुत्रं फिरकत नाही, हे तुला ठाऊक आहेच. मग पोराला शेजारी बसवून मोबाईलवर वाचत गेलो. त्याचा परिणाम असा की त्या वाक्यातलं निम्मं मला मागे घ्यायचंय. निम्मं घेणार नाही.

मला वाटलं होतं, हा दिवस एखाद्या डोनटवाल्या शेटजीनं काढला असणार. तसं नाहीये गड्या. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, सॅल्व्हेशन आर्मी नावाच्या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या बायका फ्रान्समध्ये अमेरिकन सैनिकांच्या छावणीवर गेल्या. पावसाची झड लागलेली, सगळा चिखल, आणि विशीतली पोरं घरच्या आठवणीनं कावलेली. बायकांकडं सामान काय, तर मैदा, साखर, चरबी आणि डब्यातलं दूध. भट्टी नाही, म्हणजे केक नाही. मग हेलन पर्व्हियन्स आणि मार्गारेट शेल्डन या दोघींनी तळायचं ठरवलं. लाटणं नव्हतं तर वाइनच्या बाटलीनं लाटलं. भांडं एवढंसं की एका वेळी सातच मावायचे. पहिल्या दिवशी कसेबसे दीडशे झाले आणि पोरं पावसात रांग लावून उभी राहिली. पुढं मंदीत लोकांचे हाल चालले होते तेव्हा, १९३८ साली, शिकागोत याच संस्थेनं त्या बायकांची आठवण म्हणून आणि मदतनिधी जमवायला जूनचा पहिला शुक्रवार धरला. दुकानदार नंतर घुसले. ते कुठं घुसत नाहीत?

हे वाचून उठतोय तोवर घरातून गुळाचा वास आला. तुझी वहिनी आखाड तळत होती. तुझ्या आईच्या हातचे गुलगुले आठवतात ना? शाळा सुटली की दप्तर टाकून आपण तुमच्या चुलीपाशी. गुळाचं पाणी, कणीक, बडीशेप, आणि बोटांवरून तेलात सोडायची ती एक लकब. मी कढईकडे बघत बसलो. फ्रान्सच्या चिखलातल्या त्या दोघी आणि औशाच्या पावसातली ही एकटी, काम एकच. बाहेर ओल, आत तेल तापलेलं, आणि कोणाला तरी गोड खाऊ घालायचंय.

मग मला डोनटच करून बघायची हुक्की आली. पीठ घट्ट मळलं, स्टीलच्या पेल्यानं चकत्या पाडल्या. भोक पाडायचा कंटाळा केला आणि कढईत सोडल्या. बाहेरून झकास लाल, फोडून बघितलं तर मध्ये कच्चा गोळा. वहिनी तुझी काही बोलली नाही. फक्त औषधाच्या बाटलीचं टोपण धुऊन माझ्यापुढं ठेवलं. पुढच्या चकत्यांना मधोमध टोपणानं भोक पाडलं तेव्हा त्या सगळीकडून सारख्या तळल्या. अमेरिकेत मेन राज्यातला हॅन्सन ग्रेगरी नावाचा एक खलाशी म्हातारपणी सांगायचा की १८४७ साली, सोळा वर्षांचा असताना, जहाजावर मधलं कच्चं राहतं म्हणून ते भोक त्यानंच पहिल्यांदा पाडलं. खरंखोटं तो जाणे, पण कारण मात्र शंभर टक्के खरं, मी हातानं करून बघितलंय. आपल्या बायकांनी तोच पेच गुलगुला लिंबाएवढा करून सोडवला. भोकाची भानगडच नाही.

तर डोनटबद्दल माफी. आता बाकीच्यांचं.

अमेरिकेत आइस्क्रीमचा दिवस १९८४ साली खुद्द राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी जाहीर केला. जुलैचा तिसरा रविवार, आणि वर अख्खा जुलै महिना आइस्क्रीमचा. त्या जाहीरनाम्यातच लिहिलंय की देशातल्या दुधाचा जवळजवळ दहावा हिस्सा आइस्क्रीमला लागतो. म्हणजे कौतुक आइस्क्रीमचं आणि काळजी दुधाची. स्वीडनमध्ये ४ ऑक्टोबरला दालचिनीच्या बनचा दिवस असतो. तो १९९९ साली घरगुती बेकिंगच्या एका मंडळानं सुरू केला, आणि त्या मंडळामागं कोण, तर पीठ, साखर, यीस्ट आणि मार्गारीन विकणारे. हे वाचून मला त्यांचा राग येण्याऐवजी हेवा वाटला. गिरणीवाल्यांनी मिळून दिवस काढला आणि अख्खा देश त्या दिवशी बन खातो! आमची इथली गिरणीवाल्यांची बैठक दळणाचे दर चार आणे वाढवायचे की आठ आणे, यावर मोडली होती.

आपल्याकडंही आता कमी नाहीत. चेन्नईच्या एका इडलीवाल्यानं २०१५ पासून ३० मार्चला इडली दिन सुरू केला. वडापावचा २३ ऑगस्ट. दादर स्टेशनाबाहेर १९६६ साली अशोक वैद्यांनी वडा पावात घातला, असं सांगतात, आणि त्याला दिवस मिळाला हे मला मान्य आहे, कारण मुंबईत पहिल्या महिन्यात आपण दोघं त्याच्यावरच जगलो. २६ नोव्हेंबरचा दूध दिन तर वर्गीस कुरियन यांच्या जन्मदिवसाचा. त्याला कोण नाही म्हणेल?

आता जे मागे घेणार नाही ते. गिरणीत बसून मला कॅलेंडर बघावं लागत नाही दत्ता. डब्यात काय आलं त्यावरून तिथी कळते. एकादशीच्या आदल्या दिवशी भगर, आणि प्रत्येक बाई आधी विचारणार, ‘आत्ता कशाचं दळण झालं?’ डाळीवर उपवासाचं पीठ नको असतं, मग मूठभर भगर आधी टाकून चक्की धुऊन काढायची. नागपंचमीला तवा ठेवायचा नाही, चिरायचं नाही, म्हणून दिंडांची कणीक आदल्या दिवशीच. महालक्ष्म्यांना आंबिलीची जवारी, जाडसर. दिवाळीला भाजणी. भोगीला बाजरी. लग्नसराईत येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ, आणि येसर दळला की पुढच्या दोन दळणांना त्याचा वास लागतो. त्यावरून भांडणंही होतात.

आणि येळवस. मार्गशीर्ष अमावास्येच्या आधीचे तीन दिवस मी जेवायला घरी जात नाही, डबा इथंच येतो. उकडलेल्या उंड्यांची बाजरी, जवारी, भज्जीच्या भाजीसाठी बेसन, रांग पार रस्त्यापर्यंत. तू आता बारा-तेरा वर्षं आला नाहीस म्हणून आठवण देतो. कडब्याची कोप, आत चुना लावलेल्या दगडांचे पाच पांडव, आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन शेताला फेरी आणि ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ ओरडत पिकावर शिंतोडे. अर्थ कोणालाच धड सांगता येत नाही, सीमेपलीकडच्या कानडीतून आलंय. तिकडं हीच अमावास्या ‘एळ्ळ अमावास्या’ म्हणून असते, एळ्ळ म्हणजे तीळ. त्या दिवशी लातूर शहर संचारबंदी लागल्यासारखं रिकामं होतं. वाटेनं जाणारा अनोळखी माणूसही धरून आणून जेवायला बसवतात. भज्जीत तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे पडतात, कारण त्या आठवड्यात रानात तेच असतं. हा दिवस कोणी जाहीर केला नाही. शेंगा भरल्या की तो येतो. माझं वाक्य एवढ्यापुरतं खरं होतं.

पण यात फुशारकीही नको, हे मला आईनं शिकवलं. कसं ते ऐक.

२०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचं वर्ष म्हणून पाळलं. प्रस्ताव भारताचाच होता, सत्तरहून जास्त देशांनी उचलून धरला. इथंही एका सभागृहात कार्यक्रम झाला. ज्वारीच्या कणसांचं तोरण, मोठा फलक, आणि ‘पारंपरिक चक्कीचालक’ म्हणून मला पाच मिनिटं बोलायला बोलावलेलं. माझी पाळी आली तेव्हा माइक बंद पडला, ते जाऊ दे. पण जेवणात पुरी, बटाट्याची भाजी, मठ्ठा, जिलेबी. भाकरी एकही नाही! मी घरी येऊन तावातावानं आईला सांगत होतो. तिनं शांतपणे विचारलं, ‘तू किती पेरलीस जवारी?’

चार एकरांत सोयाबीन आहे दत्ता. जवारी रब्बीत अर्धा एकर, घरापुरती. पाखरं राखायला माणूस मिळत नाही, उपटायला मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. सोयाबीनला मशीन येतं आणि दोन दिवसांत रान मोकळं. लहानपणी आपण ज्या फडात लपाछपी खेळायचो, जिथं आगटीवर हुरडा भाजून हात काळे करायचो, तिथं आता गुडघ्याएवढं पीक. गिरणीतही रेशनचा गहू जास्त येतो. म्हणजे जवारीला अख्खं वर्ष द्यावं लागलं त्यात माझाही वाटा आहे.

मग आईनं बहात्तरच्या दुष्काळाचं सांगितलं. ती तेव्हा सतरा-अठराची, खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला अमेरिकेतून आलेली लाल मिलो. ‘लालभडक भाकर. थापली की भेगा पडायच्या. पण पोटात काई तरी पडायचं. सुकडी मातर गोड लागायची.’ मी माझं नवं ज्ञान पाजळलं, म्हटलं आई, मिलो म्हणजे जवारीच, पण तिकडं ती गुरांना घालतात. ती म्हणाली, ‘आसंल. त्या साली आपल्या गुरांनाबी काई नव्हतं.’

मी गप्प बसलो.

आणि जवारी तरी आपली कुठली? ती आफ्रिकेतून आली. ठेच्यातली मिरची आणि त्यावरचे शेंगदाणे दोन्ही अमेरिका खंडातून, बहुतेक पोर्तुगिजांच्या जहाजांबरोबर. आपण ज्याला अस्सल मराठवाडी ताट म्हणतो त्यात तीन खंड बसलेत. संभाजीनगरच्या नान-खलियाचंही, म्हणजे नान आणि मटणाच्या रश्श्याचंही, तेच. महंमद तुघलकानं १३२७ साली राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, त्या फौजेच्या भटारखान्यातून तो उतरला असं तिथले आचारी सांगतात. तू दोन वर्षं तिथं होतास तेव्हा दर शुक्रवारी खायचास, इतिहास कधी विचारला नाहीस.

एक बातमी मात्र तुला आवडेल. २०२४ मध्ये जालन्याच्या दगडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या जिल्ह्यात बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची पटडी चिंच आणि कास्तीची कोथिंबीर, तिघींना मिळालं. कास्तीची कोथिंबीर आपण फुकट मागून आणायचो, आणि आता तिच्या नावाला सरकारी शिक्का! हे मला एखाद्या दिवसापेक्षा बरं वाटतं, कारण यात गावाचं नाव राहतं. शेतकऱ्याच्या हातात चार पैसे जास्त पडतात का, ते बघायचंय.

या पत्राबरोबर उद्याच्या पुण्याच्या बसनं एक पिशवी पाठवतोय, उतरवून घे. त्यात पाव किलो येसर आहे, वहिनीनं गुलगुले दिलेत, आणि मी केलेले चार डोनट. भोक नसलेला एक मुद्दाम टाकलाय, तो खाऊ नको, नुसता फोडून बघ. आणि दोन किलो जवारीचं पीठ आहे, अर्ध्या एकरातलं. चक्कीच्या दगडांना गेल्याच आठवड्यात टाकी लावलीय, त्यामुळं बारीक उतरलंय. पाणी चांगलं उकळून घे म्हणजे चिरणार नाही. सूनबाईंना थापता येत नसेल तर तू थाप, तुला येत होतं. मात्र फ्रीजमागे ठेवून विसरू नको. पंधरा दिवसांत संपव, नाहीतर विरी जाईल.

तुझा,
बालाजी

ता. क. येळवशीला येणार असशील तर आत्ताच रजा टाक. डोनट डेला मिळत असेल तर याला का मिळू नये, असं साहेबाला विचारून बघ.