डोंबिवलीच्या फलाटावर एक संख्या हवी

महोदय,

डोंबिवली स्थानकाच्या नावावरून गणितातल्या एका संख्याकुळाला नाव मिळाले आहे, हे इथून रोज गाडी पकडणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असेल. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांना या संख्यांचा अभ्यास करावा हे सुचले ते जी. आय. पी. रेल्वेच्या (आजच्या मध्य रेल्वेच्या) या स्थानकावर. तेव्हाच्या ‘डेम्लो’ या नावावरून त्यांनी त्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटले. कापरेकर म्हटले की सगळे ६१७४ या त्यांच्या प्रसिद्ध संख्येवर थांबतात. मला मात्र त्याहून प्रिय आहे ती १२३४५६७८९८७६५४३२१ ही डेम्लो संख्या.

ही सतरा अंकी संख्या म्हणजे नऊ एक्क्यांचा, १११११११११ चा, वर्ग. मी निवृत्त गणितशिक्षिका आहे. इमारतीतल्या मुलांना हा गुणाकार चौकटीच्या वहीत मांडायला लावते. नऊ ओळी, प्रत्येक ओळीत नऊ एक्के, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. मग उभ्या रकान्यांतले एक्के मोजायचे: एक, दोन, तीन करत मधल्या रकान्यात नऊ आणि पुन्हा उतरत एक. कुठेही हातचा नाही, म्हणून उत्तर असे डोंगरासारखे चढते आणि उतरते. परवा चौथीतल्या मुलीने विचारले, “बाई, दहा एक्के घेतले तर?” तिनेच करून पाहिले. मधल्या रकान्यात दहा झाले, हातचा आला आणि उत्तर निघाले १२३४५६७९००९८७६५४३२१. आठ कुठे गेला, हे शोधण्यात तिची अख्खी दुपार गेली. मला तरी याहून चांगला गणिताचा तास आठवत नाही.

नऊ एक्क्यांच्या वर्गाच्या, म्हणजे माझ्या आवडत्या संख्येच्या, अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला पूर्ण भाग जातो. त्याच ८१ ने गुणले तर ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो. तिचे मूळ अवयव तीनच: ३, ३७ आणि ३३३६६७.

मोबाइल आहे, मग हाताने गुणाकार कशाला, असे पालक विचारतात. त्यांनी ही संख्या एक्सेलमध्ये टाकून पाहावी. तिथे पंधराच अंक टिकतात, शेवटच्या २१ च्या जागी दोन शून्ये येतात. मुलांच्या वहीत ती शेवटच्या एकापर्यंत बरोबर असते.

रेल्वे प्रशासनाला आणि डोंबिवलीकरांना माझी कळकळीची विनंती आहे की फलाटावर कापरेकरांच्या नावाचा एक फलक लावावा. त्यावर एक्क्यांचे वर्ग ओळीने लिहावेत: १, १२१, १२३२१, असे नऊ एक्क्यांपर्यंत. दहाव्या ओळीचे उत्तर मात्र देऊ नये. गाडी उशिरा येणार असेल तेव्हा मुलांना ते काढता येईल.

– एक निवृत्त शिक्षिका, डोंबिवली