रिवेट म्हणजे जुनाट, हे कुणी ठरवलं?

मा. संपादक,
स. न.

बसच्या बॉडीबद्दलचा कालच्या अंकातला लेख वाचला आणि राहवलं नाही. ‘रिवेटची बॉडी कालबाह्य, वेल्डिंगची मजबूत’ असा निकाल लेखकांनी सरळ देऊन टाकला आहे. (रिवेट म्हणजे भोकातून घालून, टोक दाबून पत्रे जोडणारी धातूची मेख.) बॉडी बांधण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला हे वाचून वाईट वाटतं.

दुरुस्तीला आलेली एक बस मला अजून आठवते. पूर्ण वेल्डिंगची, बाहेरून चकचकीत. बाजूचा पत्रा उतरवला तर खिडकीच्या पिलरचं, म्हणजे उभ्या खांबाचं, खालचं टोक क्रॉस मेंबरवर, म्हणजे तळाच्या आडव्या तुळईवर, नुसतं टेकलेलं. गंज न घासता प्रायमरवरच टाके मारलेले, वरून ग्राइंडर फिरवून पुट्टी भरलेली. चौकोनी पाइपला पाणी निघायला भोक नाही, म्हणून तो आतून कुजलेला. सांधा हाताने हलत होता! बस उलटली की छताचा सगळा भार याच सांध्यांवर येतो. संयुक्त राष्ट्रांच्या ६६ क्रमांकाच्या नियमात बस कलती करून ८०० मिलिमीटर खोल खड्ड्यात पाडतात, ती प्रवाशांची जागा शाबूत राहते का हे बघायलाच. त्या बसचं काय झालं असतं?

पोलादी पाइपच्या सांगाड्याला वेल्डिंगच हवं, याबद्दल वाद नाही. पण ॲल्युमिनियमचं काय? ६०८२सारखा मिश्रधातू वेल्ड केला की सांध्यालगतची ताकद जवळपास निम्म्यावर येऊ शकते. म्हणून तिथे बोल्ट, लॉकबोल्ट (कॉलर दाबून पक्का केलेला बोल्ट), रिवेट लागतात. रिवेट सैल होतो, मान्य. पण झाला की भोवती काळी भुकटी दिसते, ड्रिलने काढून दुसरा मारता येतो. वेल्डच्या कडेची बारीक चीर पुट्टीखाली कोण शोधणार? पोलादी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा मधे सीलंट किंवा टेप न घालता बसवला, तर पाणी लागून पत्राच खाल्ला जातो. हा मुद्दा लेखात नाही, आणि पॉलियुरेथेनच्या गोंदाने पत्रे, काचा चिकटवतात त्याचा तर उल्लेखही नाही.

आणखी एक. लेखासोबतचं छायाचित्र चॅसीचं, म्हणजे बॉडी जिच्यावर बसते त्या खालच्या चौकटीचं, आहे आणि खाली ‘बसची बॉडी’ असं छापलंय. रंग, सीट, एसी यांवर आपल्याकडे पानंच्या पानं येतात. सांध्यांवर कधी नव्हे तो एक लेख आला, त्यातही हे. निदान ती ओळ तरी उद्याच्या अंकात दुरुस्त करा.

आपला,
एक निवृत्त बॉडी-फिटर