आईच्या अंगठ्याविषयी

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

आई, तुला न विचारता मी शस्त्रक्रियेची तारीख घेतली आहे. फोनवर सांगितले असते तर "बघू" म्हणून तू विषय संपवला असतास, म्हणून हे पत्र. पट्टा, व्यायाम, दोन इंजेक्शने, सारे करून झाले. अजूनही तू बरणी पोटाशी दाबून झाकण तळव्याने फिरवतेस आणि ते मला दिसत नाही असे समजतेस.

चिमटीत लावलेल्या जोराच्या सुमारे १२ पट भार अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर पडतो, हे वाचले तेव्हा मला माझ्या दोन घट्ट वेण्या आठवल्या आणि फार अपराधी वाटले. तिथली झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, परत येत नाही. डॉक्टर सांध्यातले ट्रॅपेझियम नावाचे लहानसे हाड काढून टाकणार आहेत. बाबा, दचकू नका. ही शस्त्रक्रिया १९४९ पासून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहे, आणि रिकाम्या जागेत तयार होणारी ऊतीच पुढे गादीचे काम करते. त्या जागी कंडरेची, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्याची, गुंडाळी बसवण्याचीही पद्धत आहे, पण तिचा वेगळा फायदा तुलनात्मक अभ्यासांत दिसलेला नाही, म्हणून आपण साधा मार्ग घेतला. शस्त्रक्रियेने सांधा कायमचा जखडून टाकला तर तळहात सपाट टेकवणे अवघड होते, आणि तू तर हात टेकूनच उठतेस. तेव्हा तो पर्याय मीच नको म्हटले.

बहुधा फक्त हात बधिर करतील. त्यानंतर चार ते सहा आठवडे प्लास्टर किंवा पट्टा राहील. दुखणे हळूहळू ओसरेल, मात्र पकडीत जोर यायला सहा महिने, कदाचित वर्षही लागेल. अंगठा किंचित आखूड होईल आणि व्रणाजवळ थोडी बधिरता राहू शकते. हे लपवले असते तर तू मला कधीच माफ केले नसतेस.

बाबा, हात उशीवर उंच ठेवायचा, मोकळी बोटे हलवत राहायची आणि प्लास्टर भिजू द्यायचे नाही. बोटे निळसर पडली किंवा दुखणे अचानक वाढले, तर सकाळची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना कळवायचे. तिच्या सगळ्या गोळ्यांची यादी आधीच द्या. एकही गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

मी सहा आठवड्यांची रजा घेतली आहे. आई, तुझी वेणी मी घालीन. भांग वाकडा पडला तरी मागच्या वेळेसारखी ती सोडून टाकायची नाही.

तुमची,
धाकटी