मुंबईच्या शून्य मैलावर एक दगड बसवा: पालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

महोदय,

नागपूरचा झीरो माइल शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतो. मुंबईचा शून्य मैल आपल्या मुख्यालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर, हॉर्निमन सर्कलला लागून आहे: वीर नरिमन रोडवरचे सेंट थॉमस कॅथेड्रल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी शहरात काळ्या दगडाचे मैलदर्शक रोवले, ते याच चर्चपासून मोजून. काळबादेवी, गोवालिया टँक, दादर अशा ठिकाणी ते आहेत. रस्त्यांवर थर चढत गेले तसे बरेचसे जमिनीत बुडाले होते. पालिकेच्या वारसा विभागाने ते उकरून वर काढले, हे काम खरोखर चांगले झाले. मात्र मोजणी जिथून सुरू होते, त्या फूटपाथवर मला कुठलीच खूण दिसलेली नाही. तिथे शून्याचा दगड आणि शेजारी मराठी फलक बसवावा, एवढीच मागणी आहे.

फलकावर काय लिहावे, तेही सुचवतो. चर्चचा पाया 1676 च्या सुमारास गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरच्या काळात घातला गेला. तो पुढच्याच वर्षी वारला आणि अर्धवट भिंती चाळीसेक वर्षे तशाच उभ्या राहिल्या. (रखडलेले बांधकाम या शहराला नवे नाही!) शेवटी रिचर्ड कॉब नावाच्या पाद्र्याने वर्गणी गोळा केली आणि 1718 च्या नाताळात दार उघडले.

त्या दिवशीचा एक पाहुणा फलकावर यायलाच हवा. रामा कामती हा शेणवी व्यापारी आपल्या ज्ञातिबांधवांसह त्या समारंभाला हजर होता. वाळकेश्वराच्या देवळाची पुन्हा उभारणी करणारा तो हाच. दोनच वर्षांनी, कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून कंपनीने त्याला कैदेत टाकले, मालमत्ता जप्त केली. त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखवलेले पत्र बनावट होते, हे पुढे उघड झाले. तोवर तो तुरुंगात मेलेला होता. चर्च साहेबांचे, आपला काय संबंध, असे म्हणणाऱ्यांना एवढी हकीकत पुरे.

वास्तूचे म्हणाल तर मूळ इमारत साधी होती. 1837 मध्ये मुंबईला स्वतंत्र बिशप मिळाला, चर्चचे कॅथेड्रल झाले आणि लगेच मनोरा चढला. 1860 च्या दशकात पूर्वेकडचा वेदीचा भाग गॉथिक पद्धतीने नव्याने बांधला. बेत त्याहून मोठा होता, पण पैसा संपला. माझ्या मते ते बरेच झाले, कारण जुना अंगलोट त्यामुळे टिकला. आत भिंतीभर संगमरवरी स्मारके आहेत. गव्हर्नर जोनाथन डंकनच्या स्मारकात त्याने बालहत्येविरुद्ध केलेल्या कामाचा उल्लेख आहे. दाराशी कावसजी जहांगीर रेडिमनी यांच्या देणगीतले कारंजे आहे. दुरुस्तीनंतर 2004 साली वास्तूला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला.

आणि चर्चगेट! किल्ल्याच्या ज्या दरवाज्यातून या चर्चकडे वाट येई, तो आजच्या फ्लोरा फाउंटनपाशी होता. 1860 च्या दशकात तटबंदीबरोबर तोही पाडला. नाव तेवढे रेल्वेने सांभाळले. रोज लोकलमधून तिथे उतरणाऱ्या किती जणांना ते चर्च कुठले हे सांगता येईल, याची मला शंकाच आहे.

दगड आणि फलकाला खर्च किरकोळ आहे. फूटपाथ पालिकेचा, त्यामुळे जागेचाही प्रश्न नाही. चर्चच्या विश्वस्तांशी एकदा बोलून घ्यावे.

जाता जाता आणखी एक. सध्या रस्ते काँक्रीटचे होत आहेत. प्रत्येक मैलाच्या दगडाभोवती काम सुरू होण्याआधी वारसा विभागाचा माणूस जागेवर असावा, अशी अट कंत्राटातच घालावी. वर काढलेले दगड पुन्हा गाडले गेले, तर या वेळी ते काँक्रीटखालून काढावे लागतील.

आपला,
फोर्टमध्ये रोज पायी फिरणारा एक करदाता

प्रत माहितीसाठी: सहाय्यक आयुक्त, ए विभाग