कार्डांच्या पाकिटांनाही कायदा लागू आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या इतवारी आणि सीताबर्डीतील खेळण्यांच्या दुकानांपासून शाळांजवळच्या स्टेशनरीपर्यंत क्रिकेटपटूंच्या व पोकेमॉन या कार्टूनच्या, जमवायच्या कार्डांची पाकिटे मुले खाऊच्या पैशांतून घेतात. पाकीट उलटून पाहिले तर अनेकदा उत्पादकाचे नाव नसते, आयातदाराचा पत्ता नसतो आणि किमतीच्या जागी पेनाने आकडा लिहिलेली चिकटपट्टी असते. अलीकडे घरी आलेल्या एका सोनेरी पाकिटातील कार्डांवर तर नावांचे स्पेलिंगही चुकलेले होते, आणि बिल मागितल्यावर ‘एवढ्याशा वस्तूचे कसले बिल’ असे उत्तर मिळाले.

वस्तू एवढीशी असली तरी तिला कायदा आहे. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 नुसार अशा पाकिटावर उत्पादक, पॅकबंद करणारा किंवा आयातदार यांचे नाव व पत्ता, आतील नगांची संख्या, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा लागतो. माल परदेशी असेल तर मूळ देशाचे नावही लागते. कार्ड दुर्मीळ आहे म्हणून बंद पाकिटाचे छापील किमतीहून जास्त पैसे घेता येत नाहीत. सुट्या, जुन्या कार्डाचा भाव अर्थातच मागणीवर ठरतो, पण तिथेही व्यापाऱ्याने बनावट कार्ड अस्सल म्हणून खपवणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि बिल न देणे हीसुद्धा.

बनावट व्यापारचिन्हाचा माल विकणाऱ्यास ट्रेड मार्क अधिनियम, 1999 मध्ये 6 महिने ते 3 वर्षे कारावास आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंडाची तरतूद आहे. आपण पुरेशी खबरदारी घेतली होती आणि संशयाला जागा नव्हती, हे सिद्ध करून माल कोणाकडून घेतला ते सांगणाऱ्या विक्रेत्याला बचाव मिळू शकतो. पण खरेदीचे पक्के बिलच नसेल तर तो सांगणार काय? सचोटीने धंदा करणाऱ्या छोट्या दुकानदाराने ठोक व्यापाऱ्याकडून बिल घेतल्याशिवाय माल उचलू नये, हे त्याच्याच हिताचे आहे.

पालकांना 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. परंतु एकेका पाकिटासाठी किती जण तक्रार करणार? म्हणून वजन-मापे व पाकिटांवरील छापील माहिती तपासणाऱ्या शासनाच्या वैध मापन यंत्रणेने स्वतःहून तपासणी करावी, आणि ती शाळेजवळच्या टपरीपासून नव्हे, तर हा माल जिथून शहरभर जातो त्या ठोक बाजारापासून सुरू करावी, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक पालक, धरमपेठ, नागपूर