काकू, तुम्ही आखून दिलेल्या त्या पानाबद्दल

आदरणीय काकू,

स. न. वि. वि.

परवा धायरीच्या फ्लॅटची किल्ली नव्या भाडेकरूच्या हातात दिली आणि घरी आल्यावर आधी तुमची आठवण झाली. दोन महिने फ्लॅट रिकामा होता. तरी एकही हप्ता चुकला नाही, कुणापुढे हात पसरावा लागला नाही. हे तुमच्यामुळे झालं. माझ्यासारखे बरेच जण भाड्याच्या भरवशावर घर घेतात, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी मी दुसरा फ्लॅट बुक करायला निघालो होतो. पहिल्याचा हप्ता २६,०३५ आणि भाडं १७,०००. म्हणजे खिशातून नऊ हजार जातात, असा माझा हिशेब. तुम्ही चष्मा पुसलात, वहीचं पान उभं दुमडलंत, एकीकडे आवक आणि दुसरीकडे जावक लिहिलंत. "भाडं बारा महिन्यांचं नाही, अकराचं धर," म्हणालात.

अकरा महिन्यांचे १,८७,०००. त्यातून एजंटचं एक महिन्याचं भाडं गेलं. मेंटेनन्सचे २८,८००, घरपट्टीचे १४,०००, दुरुस्ती आणि रंगाचे १५,२००. उरले १,१२,०००. वर्षाचे हप्ते ३,१२,४२०. दर महिन्याला नऊ नाही, १६,७०० रुपये मी पगारातून भरत होतो! मालक स्वतः राहत असेल तर पुणे महापालिका घरपट्टीत जी ४० टक्के सवलत देते, ती भाड्याने दिलेल्या घराला नसते, हेही मी धरलं नव्हतं. टॅक्समध्ये भरून निघेल म्हटलं, तर नव्या करप्रणालीत भाड्याच्या घराचा तोटा पगारातून वजा होत नाही, हे तुम्ही समजावलंत. बँकेत कर्जविभागात इतकी वर्षं काढलेल्या माणसाने हा हिशेब फुकट, चहा पाजून करून द्यावा, याचं मोल मला त्या दिवशी कळलं नव्हतं.

मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते, ते आमची सोसायटी महिन्याला वाटेल तेवढं लावत होती. सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही, हा १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश तुम्हीच दाखवलात. पुढच्याच बिलात रक्कम उतरली.

पण सगळ्यात मोठी गोष्ट डिपॉझिटची. ते ५०,००० मी बुकिंगला वापरणार होतो. "ते पैसे त्यांचे आहेत, तुझ्याकडे ठेवायला दिलेत," एवढंच बोललात. आवाज चढवला नाहीत, पण मला झोप लागली नाही. बुकिंग सोडलं. डिपॉझिटची वेगळी एफडी केली आणि तुमच्या सांगण्यावरून सहा हप्त्यांचे पैसे बाजूला टाकत गेलो.

यंदा भाडेकरूची बदली झाली. लहान मुलगी, सामान टेम्पोत चढलेलं आणि ते दोघं दारात थोडे अवघडून उभे. मी तिथल्या तिथे मोबाईलवरून पूर्ण डिपॉझिट परत केलं. वहिनींनी दोनदा फोन बघितला, मग हसल्या. त्या क्षणी तुम्ही तिथे असायला हव्या होतात, काकू.

यंदाचं पान मी स्वतः आखलंय. रंगकामाचा सगळा खर्च याच वर्षात लिहायचा की तीन वर्षांवर वाटायचा, एवढं विचारायला शनिवारी संध्याकाळी येतो.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा शेजारी