आईच्या डाव्या हाताला मदत करणाऱ्या सगळ्यांना थँक्यू

नावं कुणाचीच माहीत नाहीत म्हणून इथेच लिहितोय. आईला स्ट्रोक आला तो मेंदूच्या उजव्या बाजूला, त्यामुळे डावा हात बधिर, हलायचा थोडाफार पण चहाचा गरम कप लागला तरी पत्ता नाही. फिजिओकडे बाकावर बसलेल्या एका काकूंनी (त्यांच्या मिस्टरांचं तेच झालेलं) सांगितलं, नुसता व्यायाम नको, हाताला ओळखायला शिकवा. मग रोज आईचे डोळे मिटून खरखरीत टॉवेल, कापूस, जुना टूथब्रश फिरवायचा, परातीत बाजरी घेऊन त्यात नाणं, किल्ली, बटण लपवायचं आणि तिने चाचपून शोधायचं. असं सारखं केलं की मेंदूचा शाबूत भाग हळूहळू ते काम उचलायला शिकतो, हे फिजिओताईंनी समजावलं, वर आरसाही आणायला लावला, त्यात उजवा हात हलताना बघितला की डावाच हलतोय असं वाटतं. गरम पाणी मात्र आधी आपण हात घालून बघायचं, नाहीतर भाजेल आणि तिला कळणारही नाही!

रविवार कारंजावरच्या दुकानदार काकांनी बाजरीचे पैसेच घेतले नाहीत. पंचवटीतले रिक्षावाले दादा, आईला धरून दोन जिने चढवायचात, तुम्हाला काय बोलू. परवा आईने डोळे मिटून डाव्या हाताने द्राक्ष ओळखलं, आणि विचारायच्या आत खाल्लंसुद्धा.